तुटक रेघ कुठे गेली? जीवाश्मांवर काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या गाईडना खुले पत्र

प्रति,
नागपुरात भूशास्त्रात, जीवाश्मशास्त्रात एमएस्सी-पीएचडी करणारी सगळी मुलंमुली आणि त्यांचे सर-मॅडम यांस,

स.न.वि.वि.

तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. थिसिस बाइंडिंग आणि पोस्टर प्रिंटिंगच्या दुकानात प्लॉटरशेजारी चष्मा कपाळावर चढवून बसलेला म्हातारा, तो मी. दुकान मुलाचं आहे. मी निवृत्त माणूस. घरी बसलो की बायको मेथी निवडायला लावते, म्हणून इथे येऊन बसतो. त्याआधी तेहतीस वर्षं एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. नकाशे, थरांचे उभे छेद, हाडांची चित्रं, साहेब लोकांच्या रिपोर्टातले ग्राफ, सगळं हाताने, ट्रेसिंग पेपरवर, रोट्रिंगच्या पेनाने. भूशास्त्र मी शिकलेलो नाही. पण तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे थर आणि दुसऱ्यांची हाडं शाईत उतरवली की थोडंफार अंगात मुरतंच.

पत्राला निमित्त झालं ते मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला आलेल्या एका मुलाचं. सकाळी त्याची परिषद. हातात पेन ड्राइव्ह, डोळे तारवटलेले, तीन फूट बाय चार फुटाचं पोस्टर हवं होतं. फाइल उघडली. पोस्टरच्या मधोमध एक ग्राफ: चार जागांच्या मातीतून चाळून काढलेले माशांचे दात, कासवाच्या पाठीचे तुकडे, अंड्यांच्या कवचाचे तुकडे. थ्री-डी स्तंभ. मागचे स्तंभ पुढच्यांच्या आड लपलेले, प्रत्येकाला सावली, आणि या सगळ्याच्या मागे एक फिकट डायनासोर जबडा उघडून उभा.

मी सहज विचारलं, "हा निळा स्तंभ किती रे?"

तो स्क्रीनवर वाकला. स्तंभाच्या टोकावरून बोट आडवं मागच्या भिंतीवरच्या रेघांपर्यंत नेलं. "तेरा... चौदा असेल, काका."

मग त्याचीच एक्सेल शीट उघडली. सतरा.

थ्री-डी स्तंभात असंच होतं. स्तंभ उभा असतो पुढे, आकड्यांच्या रेघा असतात मागच्या भिंतीवर, आणि डोळा सरळ आडवा गेला की स्तंभ बुटका वाचला जातो. त्या पोराने गोणीभर माती आणली होती, भिजवली होती, चाळली होती, वाळवली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दात ब्रशच्या टोकाने उचलून वेगळा केला होता. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात मातीतून काढलेले सतरा दात, आणि त्यातले तीन त्याने रात्री साडेनऊला एका बटणाने हरवले.

आम्ही वीस मिनिटांत साधे सपाट स्तंभ काढले, डायनासोर हाकलला, पोस्टर छापलं. पण नुसत्या थ्री-डीसाठी पत्र लिहिलं नसतं. थ्री-डी वाईट हे तुम्हालाही ठाऊक आहे, फक्त आदल्या रात्री आठवत नाही. माझं दुखणं त्याहून जुनं आहे.

भूशास्त्राच्या नकाशात दोन खडकांच्या सीमेची रेघ तीन प्रकारची असते. हे तुम्ही पहिल्या वर्षालाच शिकलात. सीमा डोळ्याने पाहिली असेल तर रेघ सलग. इथे दिसली, पुढे दोन किलोमीटरवर पुन्हा दिसली, म्हणजे मध्येही असणार असा अंदाज असेल तर तुटक. शेताखाली, काळ्या मातीखाली, नदीच्या गाळाखाली झाकली गेली असेल तर ठिपक्यांची. नकाशा वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं की साहेबांचे पाय कुठपर्यंत गेले आणि पुढे फक्त त्यांची अक्कल गेली.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चंद्रपूरकडच्या एका शीटची ट्रेसिंग माझ्याकडे आली. एका सीमेवर लांबच लांब तुटक रेघ होती. माझा हात तेव्हा बसलेला नव्हता. एक तुकडा आखूड, एक लांब, दिसायला अगदी गचाळ. मी सगळे तुकडे जोडून टाकले. सलग रेघ कशी देखणी दिसत होती! साहेबांनी ट्रेसिंग लाइट टेबलवर ठेवली, चष्मा काढला, जवळ जाऊन पाहिलं.

"इथे तू गेला होतास?"

"नाही, साहेब."

"मी पण नाही गेलो. मग ही रेघ कोणी पाहिली?"

अर्धं ब्लेड घेऊन दुपारभर ती रेघ खरवडली. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, ट्रेसिंगवरची शाई खरवडली की कागदाचे तंतू उभे राहतात, आणि तिथे पुन्हा शाई लावली की ती फाकते. म्हणून आधी ती जागा नखाच्या पाठीने घासून गुळगुळीत करायची, मगच पेन टेकवायचं. शिक्षा म्हणून ते काम पुरेसं होतं. नंतरच्या एकतीस वर्षांत मी एकही तुटक रेघ जोडली नाही.

आणि आज प्लॉटरमधून बाहेर येणारे तुमचे ग्राफ पाहतो तर सगळ्या रेघा सलग. सॉफ्टवेअरला दोन बिंदू द्या, ते मधली रेघ ओढून मोकळं. त्याला कोणी विचारत नाही, इथे तू गेला होतास का?

आता एक ठोस उदाहरण. वरोऱ्याकडची डोंगरगावची टेकडी तुम्हाला मी सांगायला नको. १९८०च्या दशकात तिथे लांब मानेच्या एका डायनासोरचा सांगाडा मिळाला. १९९७ साली जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याचं वर्णन टायटॅनोसॉरस कोलबर्टाय या नावाने छापलं आणि २००३ साली विल्सन आणि अपचर्च यांनी त्याचा वंशच (जीनस) वेगळा मानून आयसिसॉरस म्हटलं. त्यातलं 'आयएसआय' म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, जिच्या लोकांनी ही हाडं काढली. नावातच संख्याशास्त्र असलेला प्राणी! निदान त्याचा तरी ग्राफ नीट निघावा की नाही?

तर या आयसिसॉरसची काळाच्या तक्त्यातली पट्टी मी आतापर्यंत चार-पाच पोस्टरांवर छापली आहे. प्रत्येक वेळी ती मास्ट्रिक्टियन काळाच्या (क्रेटेशियसचा शेवटचा टप्पा) तळापासून माथ्यापर्यंत, साधारण ७२ ते ६६ दशलक्ष वर्षांपूर्वीपर्यंत, जाड आणि सलग. वाचणारा काय समजतो? हा प्राणी साठ लाख वर्षं जगला. पण तुमच्या हातात काय आहे? एका टेकडीवरचा एक सांगाडा. त्या पट्टीची लांबी प्राण्याच्या आयुष्याची नाहीच. तो थर नेमका कधी साचला याबद्दलची तुमची अनिश्चितता तेवढी लांब आहे. प्राणी त्या साठ लाखांतल्या कुठल्याशा एका क्षणी तिथे मेला, एवढंच खडक सांगतो.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, तर त्यांना चिन्हंही वेगळी द्या. एखादा प्राणी खाली, मध्ये आणि वर अशा निरनिराळ्या थरांत खरोखर सापडलाय, तिथे जाड पट्टी काढा आणि ज्या ज्या पातळीवर सापडला तिथे पट्टीवर आडवी चीर द्या, म्हणजे पट्टी किती सापडण्यांवर उभी आहे ते दिसेल. तीन चिरांवर ताणलेली पट्टी आणि तीस चिरांची पट्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि जो प्राणी एकाच जागी मिळालाय, त्याला एक ठिपका द्या आणि ठिपक्याच्या खाली-वर केसाएवढी बारीक रेघ, टोकांना आडव्या दांड्या. ही बारीक रेघ म्हणजे 'या दरम्यान केव्हातरी'. कुठली रेघ म्हणजे काय ते चित्राखाली एका वाक्यात लिहा. बस्स.

पट्टीचं वरचं टोक तर त्याहून नाजूक. सिग्नॉर आणि लिप्स या दोघांनी १९८२ साली दाखवून दिलं की दुर्मीळ प्राण्याचा शेवटचा जीवाश्म हा त्या प्राण्याचा शेवट नसतो. खरा शेवट त्याच्या नंतर, वरच्या थरात कुठेतरी असतो. आपल्या घरचंच बघा. आजोबांचा अल्बममधला शेवटचा फोटो काय ते गेले त्या दिवशीचा असतो? ज्यांचे फोटो वरचेवर निघायचे त्यांचा शेवटचा फोटो शेवटाच्या जवळचा; ज्यांचा फोटो दहा वर्षांत एकदा निघायचा त्यांचा बराच आधीचा. जीवाश्मांचंही तसंच. म्हणून सगळे प्राणी एका झटक्यात नष्ट झाले असले, तरी पट्ट्या मात्र वेगवेगळ्या उंचीवर संपतात आणि नाश हळूहळू झाल्यासारखा दिसतो. ६६ दशलक्ष वर्षांपूर्वीच्या त्या भानगडीवर, उल्का की आपल्या दख्खनचा लाव्हा, एवढे वाद झाले. त्यातले बरेच या पट्ट्यांच्या टोकांवरून. शेवटच्या सापडण्यापर्यंत सलग, त्याच्या पुढे तुटक, आणि तुटक रेघेच्या टोकाला प्रश्नचिन्ह. हे चित्र कमी देखणं दिसेल. दिसू द्या.

आता शून्य. नागपूरच्या पोराला तरी हे वेगळं सांगावं लागू नये, कारण आपण त्याच्यावरच राहतो. टाकळी, नागपुरातलाच भाग. १८५०च्या सुमारास हिस्लॉप आणि हंटर हे पाद्री तिथे हातोडी घेऊन फिरत होते, आता तिथे घरं आणि गाड्या. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला तळ्याचा गाळ, त्यात गोगलगाईंचे शंख, माशांचे अवशेष, झाडांची खोडं. आणि खाली-वर काळा दगड. आता समजा या छेदाचा ग्राफ काढला, उभ्या अक्षावर उंची आणि आडव्यावर शंखांची संख्या. गाळात शंख भरपूर, लाव्हात काहीच नाही. एक्सेलमध्ये लाव्हाच्या पातळीचे सेल रिकामे राहिले, कोणीतरी तिथे शून्य भरलं, आणि रेघ खाली आपटली, वर चढली, पुन्हा आपटली. आठ दिवसांनी हेच चित्र पाहून कोणी लिहितो की 'गोगलगाई एकाएकी आल्या आणि एकाएकी नामशेष झाल्या'.

लाव्हात शंख नाहीत, कारण तिथे गाळच साचला नाही. मोजायला काही नव्हतं. 'मोजलं आणि शून्य आलं' ही माहिती आहे. 'मोजताच आलं नाही' ही कोरी जागा आहे. तिथे रेघ तोडा, आणि जमलं तर लाव्हाच्या उंचीएवढा राखाडी पट्टा भरून त्यावर 'लाव्हा' असं लिहा. एक्सेलमध्ये रिकाम्या सेलचं काय करायचं याची तीन बटणं आहेत: जागा सोडा, शून्य धरा, किंवा दोन बिंदू जोडून टाका. यातलं तिसरं कुठल्या गुन्हेगाराने शोधलं मला माहीत नाही, पण माझ्या साहेबांच्या हाती सापडला असता तर त्यालाही अर्धं ब्लेड मिळालं असतं.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट. एका जागेची शंभर किलो माती चाळली, दुसरीची दहा किलो, आणि ग्राफवर दोघींचे प्राण्यांचे प्रकार शेजारी शेजारी. शंभर किलोवाली जिंकणारच. बर्डीच्या बाजारात दिवसभर फिरणाऱ्याला चाळीस ओळखीचे भेटले आणि दहा मिनिटं चक्कर मारणाऱ्याला चार, म्हणून पहिल्याचे मित्र जास्त ठरत नाहीत. किती नमुन्यांवर हा स्तंभ उभा आहे, तो आकडा स्तंभाच्या डोक्यावरच लिहा. आणि तुलनाच करायची असेल तर रेअरफॅक्शनचा वक्र काढा. दोन्ही जागी सारखेच नमुने घेतले असते तर किती प्रकार मिळाले असते ते त्यात कळतं. हे तुमच्या गाईडना माहीत असतं. विचारत नाही तुम्ही.

आकार. लहान पोरांना डायनासोर आवडतात ते आकारामुळेच, आणि मोठी माणसंही आकाराच्या चित्रात हमखास फसतात. सात मीटरचा प्राणी आणि चौदा मीटरचा प्राणी, दोघांच्या काळ्या सावल्या शेजारी. लांबी दुप्पट. पण कागदावरची शाई चौपट, कारण उंचीही दुप्पट झाली. आणि दोघांची ठेवण सारखी असेल तर खरं वजन आठपट. डोळा शाई मोजतो. आता जर कोणी या सावल्यांच्या उंचीतून वजन दाखवायला गेला, आठपट वजनाला आठपट उंच सावली, तर शाई चौसष्टपट होते. मी असं पोस्टर छापलंय. गुबगुबीत डायनासोर चौकटीबाहेर सांडत होता. सावली ठेवायचीच तर ती फक्त लांबीच्या तुलनेला ठेवा, शेजारी माणूस उभा करा, खाली एक मीटरची पट्टी द्या. वजनाला वेगळा ग्राफ, त्यात साधे ठिपके.

आणि वजनाच्या ठिपक्याला शेपूट हवंच. चार पायांच्या प्राण्यांमध्ये दंडाच्या आणि मांडीच्या हाडाच्या घेरावरून वजन काढण्याचं सूत्र कँपिओने आणि इव्हान्स यांनी २०१२ साली दिलं. ते आज सगळीकडे वापरतात. त्यात सरासरी चूक २५ टक्क्यांच्या आसपास येते, असं त्यांनीच सांगितलंय. म्हणजे दहा टनांचा प्राणी साधारण साडेसात ते साडेबारा टनांत कुठेही, कधी त्याच्याही बाहेर. मग पोस्टरवर '१०.२४७ टन' कुठून येतं? ते शेवटचं सत्तेचाळीस किलो कोणी तोललं? कॅल्क्युलेटरने दिले म्हणून सगळे आकडे लिहायचे नसतात. आणि एरर बार, म्हणजे हेच शेपूट, काढलात तर तो कशाचा ते लिहा. प्रमाण विचलन, प्रमाण त्रुटी, ९५ टक्के विश्वासमर्यादा, या तिघांच्या लांब्या वेगळ्या असतात आणि चित्रात तिघी अगदी सारख्या दिसतात.

सिरोंच्याकडच्या कोटा थरांवर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातला बारापासॉरस हा डायनासोर साधारण चौदा मीटर लांब, मांडीचं हाडच जवळपास १.७ मीटर. १९६१ साली, टागोरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याची पुष्कळशी हाडं निघाली, म्हणून 'टागोराय'. आणि बंगालीत मोठा पाय म्हणून 'बारा पा'. आता याच्याच शेजारी, त्याच ग्राफवर, मिलिमीटरभर लांबीचा ऑस्ट्राकोड (शिंपल्यासारख्या कवचातला इवलासा जलचर) दाखवायचाय. साध्या अक्षावर तो अक्षाच्या रेघेत विरघळून जातो. इथे लॉग अक्ष घ्या: एक मिलिमीटर, एक सेंटिमीटर, दहा सेंटिमीटर, एक मीटर, दहा मीटर, सगळी पावलं सारख्या अंतरावर. पण मग स्तंभ काढू नका. स्तंभाची उंची शून्यापासून मोजतात आणि लॉग अक्षावर शून्य नसतंच, त्यामुळे स्तंभाचा पाय कुठे ठेवायचा ते तुमच्या मर्जीवर राहतं. ठिपके घाला. आणि 'लॉग' हा शब्द अक्षावर मोठ्या अक्षरात लिहा. पोस्टर बघायला येणारे सगळेच भूशास्त्राचे नसतात.

सरासरीवर फार विसंबू नका, हे सांगायला तर एक डायनासोरच कामी आला आहे. २०१६ साली अल्बर्टो कैरो यांनी १४२ ठिपक्यांचा असा संच केला की ग्राफ काढला तर डायनासोर दिसतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या दोघांनी त्याच सरासरीचे, त्याच विचलनाचे आणखी बारा संच काढले, दोन दशांशांपर्यंत तेच आकडे. एकात तारा निघतो, एकात वर्तुळ, एकात आडव्या ओळी. तक्त्यात सगळे सख्खे भाऊ. म्हणून पन्नास हाडं मोजली असतील तर पन्नास ठिपके दाखवा. जागा लागते म्हणता? डायनासोर काढून टाकला ना मागचा, झाली जागा.

आता जरा माझ्या धंद्यातल्या गोष्टी, ज्या ऐकल्याशिवाय मी कोणाला काउंटरवरून जाऊ देत नाही.

आम्ही चित्र छापायच्या आकाराच्या दुप्पट काढायचो आणि ते फोटोत अर्ध्यावर यायचं. ०.२ मिलिमीटरची रेघ अर्धी झाली की गायब व्हायची, म्हणून डेटाची रेघ सगळ्यात जाड, अक्ष त्याहून बारीक, ग्रिड सगळ्यात बारीक किंवा नाहीच. तुमचं सॉफ्टवेअर बरोबर उलटं करतं: ग्रिड ठसठशीत आणि डेटा मरतुकडा. बदलता येतं. स्क्रीनशॉट आणू नका. पीडीएफ किंवा एसव्हीजी आणा, म्हणजे तीन फुटांवर ताणलं तरी अक्षरं फुटत नाहीत. आणि छापण्याआधी पोस्टर ए-फोरवर काढून हातभर लांब धरा. जे वाचता येत नाही ते पोस्टरवर लांबून वाचता येणार नाही.

रंग. आंतरराष्ट्रीय कालतक्त्यात क्रेटेशियसला हिरवा, जुरासिकला निळा, ट्रायासिकला जांभळा ठरवून दिलाय. ते वापरा, चांगलंच आहे. पण थिसिसची झेरॉक्स होतेच, आणि झेरॉक्समध्ये तो हिरवा आणि तो निळा जवळजवळ एकच राखाडी होतात. म्हणून पट्टीवर काळाचं नावही लिहा. ठिपक्यांत लाल-हिरव्याची जोडी नको. माझ्या थोरल्या भावाला लाल-हिरवा कळायचा नाही. चौकातला सिग्नल तो दिव्याच्या जागेवरून ओळखायचा, वरचा पेटला की थांबायचं. तुमच्या ग्राफवर त्याला वरचा-खालचा दिवा कुठे मिळणार? वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशी चिन्हंच वेगळी ठेवा. गडद-फिकटाची छटा हवी असेल तर विरिडिस नावाची रंगमाळ बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिची झेरॉक्ससुद्धा नीट वाचता येते. इंद्रधनुष्यी रंगमाळ नको; इंद्रधनुष्य पावसात छान दिसतं.

काळाची दिशा. एकाच पोस्टरवर डावा ग्राफ जुन्याकडून नव्याकडे आणि उजवा नव्याकडून जुन्याकडे, असं दर चार पोस्टरांमागे एकदा होतं, कारण दोन चित्रं दोन वेगळ्या पेपरांतून उचललेली असतात. भूशास्त्रात आकडा मोठा म्हणजे काळ जुना, सामान्य माणसाला तेही उलटं वाटतं. अक्षाच्या दोन टोकांना 'जुनं' आणि 'नवं' एवढे दोन शब्द लिहिले तरी पुरे.

आणि मराठीत पोस्टर करणाऱ्यांनो, आधी तुमचं कौतुक. मग तक्रार. पायथनने काढलेल्या ग्राफवर अक्षाचं नाव मराठीत घातलं की एकतर रिकामे चौकोन येतात, किंवा फॉन्ट बदलला तरी 'दशलक्ष वर्षांपूर्वी'तला रफार सुटून पाय मोडलेला 'र' उभा राहतो आणि 'किलो'तली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजव्या बाजूला लटकते. सॉफ्टवेअरला बऱ्याचदा आपली जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ग्राफ अक्षरांशिवाय काढा आणि नावं नंतर इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्ये टाका. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली फाइल आणलीत तर माझ्या मशीनवर 'जीवाश्म'चं जे होतं ते बघवत नाही.

सर-मॅडम, आता तुमच्याशी दोन शब्द. थिसिस तपासताना तुम्ही शुद्धलेखन बघता, संदर्भांची यादी बघता. ग्राफ आला की नजर घसरते, असं माझं निरीक्षण आहे. २०१३ साली नेथन मिरव्होल्ड यांनी डायनासोरांच्या वाढीच्या छापून आलेल्या वक्रांची फेरतपासणी केली, तेव्हा काही ठिकाणी ग्राफमधले बिंदू आणि मूळ आकडे जुळत नाहीत असं निघालं. जगातल्या मोठमोठ्या लोकांच्या पेपरांमध्ये, समीक्षकांच्या हाताखालून गेलेले ग्राफ. मग आपल्या पोट्ट्यांचं काय? एवढंच करा: पोराला समोर बसवा, त्याचाच ग्राफ त्याच्या हातात द्या, तीन बिंदूंवर बोट ठेवा आणि किती ते वाचायला सांगा. मग शीट उघडा. पाच मिनिटं लागतात. आणि कुठलीही सलग रेघ दिसली की माझ्या साहेबांचा प्रश्न विचारा.

पोट्टेहो, परिषदेच्या आदल्या रात्री येऊ नका. दोन दिवस आधी या, सकाळी या, तेव्हा प्लॉटर मोकळा असतो आणि मी पण. मंगळवारी नका येऊ, मला डोळे दाखवायला जावं लागतं. आणि त्या रात्री सतरा दातांचं पोस्टर नेणाऱ्याने आपला पेन ड्राइव्ह मशीनलाच विसरलाय. काउंटरच्या वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, घेऊन जा.

तुमचे,
ड्राफ्ट्समन काका
नागपूर